पत्र्याला भोकं कोणी पाडली?

२००३ साली ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’च्या ४७९व्या खंडात एक शोधनिबंध छापून आला. लेखक पाच : फेदोरोव, शिप्ल्युक, मास्लोव, बुरोव आणि मालमुथ. पहिले चौघे रशियातले, पाचवे अमेरिकेतले. त्यांनी एक टोकदार शंकू घेतला. त्याचं उभं अर्धं अंग गुळगुळीत ठेवलं आणि उरलेल्या अर्ध्यावर धातूच्या बारीक तंतूंचं, घोंगडीसारखं दाबून केलेलं पातळ अस्तर चढवलं. मग आवाजाच्या सहापट वेगाने वाहणाऱ्या हवेत तो शंकू धरला आणि दोन्ही बाजूंच्या हवेत उठणाऱ्या लहरी मोजल्या. घोंगडीच्या बाजूला सगळ्यात त्रासदायक लहरी चांगल्याच दबल्या. निबंधात समीकरणं आहेत, आलेख आहेत. शत्रू कुठेच नाही.

या पाचांपैकी दोघांना २०२४ मध्ये रशियातल्या न्यायालयांनी देशद्रोहासाठी शिक्षा सुनावली. अनातोली मास्लोव यांना मे महिन्यात १४ वर्षं, अलेक्झांडर शिप्ल्युक यांना सप्टेंबरमध्ये १५ वर्षं. मास्लोव तेव्हा ७७ वर्षांचे होते. दोघेही नोवोसिबिर्स्कच्या ख्रिस्तियानोविच इन्स्टिट्यूटचे. शिप्ल्युक तर संस्थेचे संचालक. त्याच संस्थेतले वालेरी झ्वेगिन्त्सेव यांनाही २०२३च्या एप्रिलमध्ये अटक झाली. शिक्षा २००३च्या त्या निबंधासाठी झाली, असं मी म्हणत नाही. खटले बंद दाराआड चालले. रॉयटर्सच्या वृत्तानुसार शिप्ल्युक यांच्यावर संशय होता तो २०१७ मध्ये चीनमधल्या एका परिषदेत गोपनीय माहिती दिल्याचा, आणि त्यांचं म्हणणं होतं की ती माहिती इंटरनेटवर कुणालाही वाचता येते.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत कोड लिहिणाऱ्या असंख्य मराठी पोरांपैकी मी एक. ही बातमी वाचून पहिली प्रतिक्रिया झाली ती तुमचीही होईल : बिचारे शास्त्रज्ञ, हवेचा अभ्यास करत होते आणि सरकारने पकडलं. दोन दिवसांनी मात्र वाटायला लागलं की ‘हवेचा अभ्यास करत होते’ हे वाक्य इतकं सोपं नाही. ते सोपं का नाही, हे सांगायचं तर आधी त्या हवेकडेच जायला हवं.

*

छताचा पंखा दिवसरात्र फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचते. कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. धुळीच्या दृष्टीने तिथे वारा नाहीच. पात्यापासून थोडं दूर गेलं की वेग बदलत जातो आणि मग खरा वारा लागतो. या मधल्या पातळ थराला बाउंडरी लेयर म्हणतात. लुडविग प्रांटल नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०४ मध्ये हायडेलबर्गला गणितज्ञांच्या परिषदेत ही कल्पना मांडली आणि विमानविद्येला पाया मिळाला.

या थराचे स्वभाव दोन. नळ हळू सोडलात तर धार काचेच्या कांडीसारखी शांत पडते. आणखी सोडलात की धार खवळते, पांढरट होते. शांत हवेचे पदर एकमेकांवरून सरकत जातात. खवळलेल्या हवेत मात्र भोवरे तयार होतात आणि ते वरची हवा खाली, खालची वर घुसळत राहतात. साध्या वेगाला याचा परिणाम म्हणजे थोडं जास्त इंधन. आवाजाच्या पाचपटीपलीकडे, म्हणजे हायपरसॉनिक वेगाला, परिणाम म्हणजे आग. तिथे हवा दाबली जाऊन आणि घासली जाऊन भयंकर तापलेली असते. थर शांत असेल तर ती उष्णता पत्र्यापर्यंत कमी पोचते. खवळला की घुसळणारे भोवरे तीच उष्णता पत्र्यावर आणून ओततात, आणि पत्र्याला सोसावी लागणारी उष्णता कित्येक पट होते. यानाच्या नाकापासून नेमक्या कितव्या इंचावर हवा खवळणार, यावर कवच किती जाड हवं, वजन किती, पल्ला किती, हे सगळं ठरतं.

(वर्तमानपत्रं हायपरसॉनिक वेग ‘मॅक ६’ असा लिहितात. मी आवाजाची सहापट म्हणतोय, कारण पुढच्याच ओळीत मॅक नावाचा माणूस येतोय आणि तो वेगळा.)

लेस्ली मॅक. पासाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करायचे. १९६०च्या दशकात संगणकावर समीकरणं सोडवताना त्यांच्या लक्षात आलं की या वेगाला हवा एका वेगळ्याच कारणाने खवळू शकते. पत्रा आणि त्याच्यावरचा हवेचा एक अदृश्य पडदा यांच्यामध्ये आवाज कोंडला जातो. विहिरीत मारलेली हाक भिंतीभिंतींवर आपटत राहते, तसा. फक्त ही हाक विरत नाही, वाहत्या हवेतून ताकद घेत वाढत जाते आणि शेवटी थर फुटतो. आपल्या कानाची मर्यादा वीस किलोहर्ट्झ. हा आवाज शेकडो किलोहर्ट्झचा. आधी तो गणितात सापडला, मग प्रयोगात. कोड लिहिणारा म्हणून मला या क्रमाचा जरा अभिमान वाटतो, त्यात माझा काडीचा वाटा नसला तरी.

एकदा गुन्हेगार आवाज आहे हे कळल्यावर उपाय नाट्यगृहाच्या भिंतीवरच होता. तिथे बारीक भोकांचे तक्ते लावलेले असतात, प्रतिध्वनी गिळायला. भोकातली हवा आवाजाबरोबर आतबाहेर हलते, भोकाच्या कडांना घासते, आणि आवाजाची शक्ती त्या घर्षणात संपते. मॉस्कोजवळच्या संस्थेतले अलेक्झांडर फेदोरोव आणि अमेरिकेतले नॉर्मन मालमुथ यांनी हेच हायपरसॉनिक पत्र्यावर करायचं ठरवलं. कॅलटेकमध्ये अ‍ॅडम रशीद आणि हान्स हॉर्नुंग यांनी ते करून पाहिलं. भोक साधारण ६० मायक्रॉनचं, म्हणजे तुमच्या केसाएवढं. दोन भोकांमधलं अंतर १०० मायक्रॉन, खोली अर्धा मिलिमीटर. हिशोब करा : एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा हजार भोकं. पुन्हा तोच शंकू, अर्धा गुळगुळीत, अर्धा सच्छिद्र. टी-५ नावाच्या शॉक टनेलमध्ये प्रयोग एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. त्या तेवढ्या वेळात गुळगुळीत बाजू खवळलेली असताना भोकांची बाजू कित्येकदा शेवटच्या टोकापर्यंत शांत राहिली.

मला या प्रयोगाची रचना फार आवडते. तुलनेसाठी दुसरा दिवस नाही, दुसरा शंकू नाही. तोच वारा, तेच मिलिसेकंद, आणि एकाच अंगाचे दोन स्वभाव. गंमत म्हणजे उपाय पूर्ण निर्दोषही नाही : मॅकच्या लहरी दबतात, पण दुसऱ्या एका संथ प्रकारच्या लहरींना हेच अस्तर किंचित बळ देतं. २००३च्या निबंधात हेही प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे.

नंतर हे क्षेत्र बरंच पुढे गेलं. जर्मन संशोधकांनी कार्बन तंतूंपासून केलेलं, उष्णता सोसणारं साहित्य वापरून पाहिलं. ते मुळातच सच्छिद्र असतं, वेगळी भोकं पाडायला लागत नाहीत. २०१५ मध्ये कोलोरॅडोच्या महमूद हुसेन आणि सहकाऱ्यांनी भोकंही नकोत असा प्रस्ताव मांडला. पृष्ठभागाखाली अशी रचना बसवायची की वरून आलेल्या लहरीला ती बरोबर उलट्या तालात थरथरून उत्तर देईल. म्हणजे पत्राच हवेला ‘गप्प बस’ म्हणणार.

*

आता यात वाईट काय? काहीच नाही, असं म्हणायला एक छान गोष्ट हाताशी आहे.

ऑगस्ट २००५. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले त्या कोलंबिया दुर्घटनेनंतरचं पहिलंच उड्डाण. डिस्कव्हरी यान वर होतं. यानाच्या पोटाखालच्या फरश्यांच्या फटीतून भरणीच्या पट्टीचे दोन तुकडे बाहेर डोकावताना दिसले. जेमतेम इंचभर. पण परतताना तेवढ्या उंचवट्याने हवा वेळेआधी खवळली तर मागच्या फरश्यांवर किती उष्णता येईल याची खात्री कुणी देईना. शेवटी स्टीव्ह रॉबिन्सन हा अंतराळवीर यांत्रिक हाताला पाय अडकवून यानाच्या पोटाखाली गेला आणि ते तुकडे त्याने बोटांनी ओढून काढले. सात माणसं सुखरूप परत आली. बाउंडरी लेयरचा अभ्यास म्हणजे हेही आहे.

आणि मग आपण ते नेहमीचं वाक्य बोलतो : सुरीने भाजीही चिरता येते, गळाही. सुरीचा दोष नाही.

मला हे वाक्य या जागी लबाड वाटतं. सुरीचं उदाहरण पटतं याचं कारण जगातल्या जवळजवळ सगळ्या सुऱ्या रोज भाजीच चिरत असतात. मॅकच्या लहरी दाबणारा पत्रा कोण वापरणार? स्पेस शटल २०११ मध्ये निवृत्त झालं. आज अंतराळातून माणसं परततात ती बोथट तोंडाच्या कुप्यांमधून, आणि त्यांचं उष्णतेचं गणित वेगळं आहे. मॅकच्या लहरी माजतात त्या सडपातळ, टोकदार अंगांवर. दोन तासांत लंडनहून सिडनीला नेणाऱ्या विमानाची चित्रं दर काही वर्षांनी येतात, विमान काही येत नाही. येतात ती क्षेपणास्त्रं. १ मार्च २०१८ रोजी पुतीन यांनी भाषणात ‘किंझाल’ आणि ‘अवानगार्ड’ची घोषणा केली. युक्रेनवर किंझाल डागल्याचं रशियाने मार्च २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं. कॅलटेकच्या प्रयोगामागे अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन कार्यालयाचा पैसा होता. माझा मुद्दा कुठल्या क्षेपणास्त्रावर कुठलं अस्तर आहे हा नाहीच. मुद्दा एवढाच की भाजी चिरणारं कुणी या स्वयंपाकघरात फारसं नाही, आणि हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

शांत हवेचा अर्थ इथे काय होतो, तो एकदा सरळ बोलून टाकावा. कमी उष्णता, म्हणून हलकं कवच, म्हणून लांब पल्ला. हवेतून खालून सरकत येणारं हे वाहन जमिनीवरच्या रडारला उशिरा दिसतं; जुनी क्षेपणास्त्रं उंच आभाळात चढून खाली येत, ती आधी दिसत. म्हणजे पत्र्यावरची हवा जितकी शांत, तितका दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला ‘हे खरंच आपल्यावर येतंय का’ हा विचार करायला वेळ कमी. लहर मिलिसेकंदांची, भोक केसाएवढं. आणि त्या साखळीच्या शेवटी कुणाची तरी दहा मिनिटांची पाच मिनिटं होतात. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या देशांत ती पाच मिनिटं फार मोठी असतात.

*

मग नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांचं काय करायचं?

२०२३च्या मे महिन्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जाहीर पत्र लिहिलं. त्यातला युक्तिवाद साधा होता. अटक झालेल्यांचे निबंध आणि भाषणं संस्थेच्या तज्ज्ञ समितीने पुन्हा पुन्हा तपासली होती आणि त्यांत गुप्त असं काही सापडलं नव्हतं. परदेशी परिषदेला जाणं, आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिणं हे तर चांगल्या संशोधकाचं कामच मानलं जातं. तेच जर देशद्रोह ठरत असेल तर आम्ही आमचं काम कसं करायचं, हे आम्हाला समजेनासं झालंय, असा त्यांचा सूर होता. सरकारी प्रवक्त्याचं उत्तर एवढंच की आरोप फार गंभीर आहेत.

मी हे पत्र वाचलं तेव्हा पूर्णपणे त्यांच्या बाजूने होतो. अजूनही आहे. पण बाजू घेताना आपण कोणता मुद्दा वापरतो ते बघा. आपण म्हणतो : हे तर मूलभूत विज्ञान, हवेच्या लहरींचं गणित, ते कुणा एका देशाचं नसतं. बरोबर. पण हेच वाक्य संरक्षण खात्याच्या पैशावर काम करणारा कुठलाही संशोधक स्वतःच्या बचावासाठी वापरतो : मी फक्त हवेच्या लहरींचं गणित करतो, क्षेपणास्त्र दुसरे बनवतात. एका ठिकाणी ते वाक्य माणसाला तुरुंगातून सोडवण्यासाठी आहे, दुसऱ्या ठिकाणी जबाबदारीतून. पहिल्या ठिकाणी मला ते पटतं, दुसऱ्या ठिकाणी नाही. असं कसं चालेल?

आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, सोवळं. सोवळ्यातल्या माणसाने स्वयंपाक करायचा, नैवेद्य दाखवायचा. बाहेर काय चाललंय त्याचा त्याला स्पर्श होता कामा नये. मूलभूत संशोधन हे आधुनिक सोवळं आहे. भोकं मी पाडली, पत्रा त्यांनी नेला, पुढचं त्यांनाच विचारा. या नामानिराळं राहण्याला माझा आक्षेप आहे. ज्याने पत्र्याला भोकं पाडली त्याचा हात पुढच्या सगळ्या गोष्टीत थोडा तरी आहेच.

मग रशियन सरकार बरोबर ठरतं का? मुळीच नाही, आणि का नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. मास्लोव आणि शिप्ल्युक यांच्यावरचा आरोप शस्त्राला हातभार लावल्याचा नव्हता. तो लावला असता तर कदाचित पदकच मिळालं असतं. आरोप होता बोलण्याचा. राज्यसत्तेच्या लेखी पाप विध्वंसाच्या साधनात नसतं, ते साधन कुणाशी बोललं गेलं यात असतं. आणि यामागे ज्ञानाबद्दलची एक ठाम समजूत आहे : ज्ञान म्हणजे पार्सल. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं. दिलं की आपल्याकडचं गेलं.

ही समजूत किती खोटी आहे याचं उदाहरण शोधायला सायबेरियात जायची गरज नाही. १९९४ मध्ये इस्रोच्या नंबी नारायणन यांना रॉकेट इंजिनांची गुपितं विकल्याच्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचं न्यायालयाला सांगितलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटक अनावश्यक ठरवून त्यांना पन्नास लाखांची भरपाई दिली. मधली चोवीस वर्षं परत कोण देणार, हा प्रश्न तिथेच राहिला. मला त्या प्रकरणातलं वेगळंच काहीतरी लक्षात राहिलंय. आपलं विकास इंजिन फ्रान्सच्या वायकिंग इंजिनावरून आलं, आणि ते आणण्यासाठी १९७०च्या दशकात भारतीय अभियंत्यांचा एक गट फ्रान्समध्ये राहून, तिथल्या लोकांबरोबर काम करून शिकला. काही वर्षं. इंजिन कागदाच्या गुंडाळीत मावत असतं तर एवढे लोक तिकडे कशाला राहिले असते? ज्याला या कामाची जराही कल्पना आहे त्याला पार्सलची गोष्ट हास्यास्पद वाटायला हवी होती. पण पार्सलच्या गोष्टीवर बातम्या छान होतात.

आणि हायपरसॉनिक प्रवाहाच्या बाबतीत तर ज्ञान सरळ सरळ दोन्ही बाजूंनी मिळून तयार झालं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले शस्त्रसंशोधक पोटासाठी भलत्याच देशांकडे जाऊ नयेत म्हणून अमेरिका, युरोप, जपान आणि रशिया यांनी मिळून मॉस्कोत एक आंतरराष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान केंद्र काढलं होतं. मास्लोव यांच्या गटाचे सच्छिद्र अस्तरावरचे अहवाल या केंद्राच्या प्रकल्प-क्रमांकासह आजही इतरांच्या संदर्भसूचींमध्ये सापडतात. म्हणजे एकेकाळी परदेश्यांबरोबर हे काम करणं हेच जग सुरक्षित ठेवण्याचं धोरण होतं, आणि त्या धोरणावर रशियाचीही सही होती. २०१५ मध्ये रशिया त्यातून बाहेर पडला. हवा तीच, शंकू तोच. माणसंही तीच.

*

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, कारण तिथे हा प्रश्न आमच्या वयाच्या माणसाने अंगावर घेतला. फोटोतल्या वस्तू झटपट ओळखणारं ‘योलो’ हे सॉफ्टवेअर तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरलं असेल. हेल्मेट आहे की नाही, आंबा पिकलाय की नाही, वगैरे. ते बनवणाऱ्या जोसेफ रेडमनने २०२० मध्ये जाहीर केलं की लष्करी वापर आणि खासगीपणाचा प्रश्न आता डोळ्याआड करता येत नाही, म्हणून मी हे संशोधन थांबवतोय. दोनएक महिन्यांत दुसऱ्या लोकांनी योलोची पुढची आवृत्ती काढली. काही जण तेव्हा हसले : बघा, काय फरक पडला?

मला तो हसण्याचा विषय वाटत नाही. आपण थांबलो की गाडी थांबेल असा रेडमनचा दावा नव्हताच. त्याने सोवळं सोडलं, एवढंच. माझ्या कोडचं पुढे काय होतं त्याच्याशी माझा संबंध आहे, हे तो सगळ्यांसमोर बोलला. आणि हे बोलता आलं, कारण काम उघड्यावर होतं. कोड कुणाचा, कशासाठी वापरला जातोय, हे दिसत होतं. बंद दाराआडच्या कामात असा राजीनामाही देता येत नाही. कशाचा राजीनामा दिला हेच गुपित असतं.

इथवर आल्यावर मी ज्या मताला टेकलोय ते असं. सच्छिद्र पत्र्याचं काम निष्पाप नव्हतं, पण ते उघडं होतं, आणि उघडेपणामुळेच त्यावर नैतिक बोलणं शक्य होतं. पाच जणांनी नाव घालून, आकडे देऊन, अस्तराचा दोषसुद्धा लिहून जगासमोर ठेवलं. ते वाचून पल्ल्याचं गणित करणारे होते, तसं ‘यामुळे इशाऱ्याची मिनिटं कमी होतील, यावर करार करा’ म्हणणाऱ्यांनाही तेच निबंध वाचता येत होते. माणूस पकडून, परिषद बंद करून सरकार क्षेपणास्त्र थांबवत नाही. ते फक्त दुसऱ्या गटाचं वाचन बंद करतं.

यावर सरळ आक्षेप आहे आणि तो मला अस्वस्थ करतो : उघडं ठेवलं की सगळेच शिकतात, आणि सगळ्यांत ज्यांच्या हाती हे जाऊ नये तेही आले. खरं आहे. युक्रेनमधल्या कुणाला मी ‘पण निबंध खुला होता ना’ असं सांगू शकणार नाही. फक्त इतकंच म्हणेन की हे शस्त्र गुप्ततेच्या अभावामुळे आलं नाही. ते तीन-चार मोठ्या देशांना हवं होतं म्हणून आलं, आणि त्यांनी ते बनवलं ते मुख्यतः गुप्ततेतच.

त्या देशांच्या यादीत आपणही आहोत, हे लिहिल्याशिवाय हा लेख खोटा होईल. ७ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओच्या चाचणीत स्क्रॅमजेट इंजिन वीसहून जास्त सेकंद चाललं, आवाजाच्या सहापट वेगाला. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी ओडिशाजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून दीड हजार किलोमीटरहून जास्त पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी झाली. त्या दिवशी माझ्या फोनमधले निम्मे स्टेटस तिरंगी होते. मलाही बरं वाटलं होतं. शेजारी कोण आहेत हे मला ठाऊक आहे, आणि आपल्याकडे हे नसावं असं म्हणण्याची माझी तयारी नाही. पण बरं वाटणं आणि इशाऱ्याची मिनिटं कमी होणं या दोन्ही गोष्टी एकाच चाचणीतल्या आहेत. रशियन संशोधकाला जो प्रश्न मी पुण्यात बसून विचारतो, तो इथल्या कुणाला विचारायला मात्र जीभ जड होते.

कॉलेजातला एक मित्र एका संरक्षण प्रयोगशाळेत आहे. काय करतोस विचारलं की ‘मटेरियल्स’ एवढंच सांगतो, आणि आम्ही पुढे विचारत नाही. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा मी त्याला या दोघांबद्दल सांगितलं आणि विचारलं, तुमचं काम छापता येतं का रे?

“काही छापतो. काही नाही.”

“काय छापायचं हे ठरवतं कोण?”

“कमिटी असते ना. ती बघून देते.”

नोवोसिबिर्स्कच्या निबंधांनाही कमिटीने परवानगी दिली होती, असं मी म्हटलं.

“माहितीये,” तो म्हणाला.